समोरच्या पाळण्यातलं वजन

लिफ्टचा मिस्त्री बोलण्यासाठी प्रसिद्ध नसतो. तो येतो, वर चढतो, खाली उतरतो, चिंधीला हात पुसतो आणि कागदावर सही घेऊन निघून जातो. आपल्या मिस्त्रींनी बावीस वर्षांचा संसारही साधारण असाच केला होता. फक्त सही घ्यायची राहिली होती.

घरात माणसं तीन: मिस्त्री, त्यांची बायको आणि कॉलेजात जाणारी लेक. बोलण्याचं काम मायलेकींनी आपसात वाटून घेतलेलं, आणि मिस्त्रींकडे ‘हं’ हे खातं दिलेलं. ते त्यांनी एकही रजा न घेता सांभाळलं.

बायको चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात तपासनीस होती. दिव्यासमोर काच धरायची आणि ओरखडा शोधायचा, हे तिचं काम. ओरखडा काचेवरचा असो की माणसावरचा, तिच्या नजरेतून सुटत नसे. कंपनीने दूरच्या शहरात नवा कारखाना काढला, आणि तिथल्या तपासणी विभागाची प्रमुख म्हणून तिला दोन वर्षांसाठी बोलावलं. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं.

सकाळच्या चहाला तिने ते पत्र मिस्त्रींसमोर ठेवलं. “काय करू, सांगा.”

मिस्त्रींनी पत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं. मागची बाजू कोरी होती. “तुला योग्य वाटेल ते कर.”

“पडदे घेताना हेच म्हणालात. कपाट घेताना हेच. मी काय पडदा आहे?”

“हं,” मिस्त्री म्हणाले. सवयीने गेलं तोंडातून.

बायकोने कप बशीत ठेवला. “दोन वर्षं मी घरात नसले तर तुम्हाला ते कळणार कसं, एवढं सांगा. दूधवाला सांगेल?” आणि डबा उचलून ती कामावर गेली.

आता खरी गोष्ट अशी की, मिस्त्रींना सगळं कळलं होतं. पत्राची कुणकुण लागल्यापासून त्यांनी घरातल्या एकूण एक बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. दारं इतकी गुळगुळीत झाली होती की वाऱ्याने आपोआप उघडत. छातीत एक वाक्य अडकलं होतं आणि ते काही केल्या मजल्यावर येत नव्हतं. घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. समोर बसलेल्या माणसाशी त्यांना बोलता येत नसे. माणूस वर-खाली असला की यायचं.

याला पुरावा होता. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी काचांच्या त्याच कारखान्याची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधे अडकली, आणि आत एकटी एक तरुण तपासनीस. मिस्त्री लिफ्टच्या टपावर पालथे पडून जाळीतून तिच्याशी बोलत राहिले. चाळीस मिनिटं. “घाबरू नका. दाराला हात लावू नका. मी इथेच आहे.” मग दोर कसा तुटत नाही ते सांगितलं. मग लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला एक वजन असतं, ते सांगितलं. “तुम्ही खाली जाता तेव्हा ते वर येतं. तुम्हाला दिसत नाही, पण असतं. ते नसतं तर मोटारीच्या बापालाही तुम्हाला उचलता आलं नसतं.” ती आतून हसली. मिस्त्री जन्मात एवढं बोलले नव्हते. लग्नानंतर बायकोला कळलं की तो सगळा साठा होता आणि तो त्या दिवशी संपला.

तेव्हा मिस्त्रींनी बेत केला: बायकोला पुन्हा एकदा हवेत अडकवायचं.

त्यांचे जुने फोरमनसाहेब निवृत्तीनंतर शहराबाहेरच्या फॅमिली थीम पार्कमध्ये आकाशपाळणा चालवत होते. घरी बसून माणूस गंजतो म्हणून. मिस्त्रींनी त्यांना फोन केला. “साहेब, आमचा पाळणा वर गेला की पंधरा मिनिटं थांबवायचा.”

“बिघाड काय दाखवू?”

“काहीही. कुटुंबाशी बोलायचंय.”

“त्याला चाक कशाला थांबवायला हवं?” साहेबांनी विचारलं. मग थोडं थांबून म्हणाले, “तुला हवं. ठीक आहे.”

लेकीला मात्र हे पटेना. “बाबा, जोडपी डोंगरावर जातात, तळ्याकाठी जातात. तुम्ही आईला अशा ठिकाणी नेणार जिथे दारातच उंचीची पट्टी लावलेली असते?”

“चाक तिथे आहे,” मिस्त्री म्हणाले.

“आणि हे काय?”

हे म्हणजे बेत. मिस्त्रींनी तो कंपनीच्या मासिक तपासणीच्या छापील तक्त्यावर लिहिला होता. दुसऱ्या कुठल्या कागदावर त्यांचा हात चालत नसे. १०:३० प्रवेश. ११:०० फोटो. १२:०० होडी (हात धरणे, शक्य झाल्यास). १:१५ आकाशपाळणा, त्या वेळी सगळे जेवायला जातात, रांग नसते. १:२० ते १:३५ बोलणे. ३:०० खोली ताब्यात घेणे.

“‘बोलणे’च्या पुढे शेऱ्यात ‘आवाज येत असल्यास वंगण घालावे’ असं का आहे?”

“ते छापील आहे.”

लेकीने कपाळाला हात लावला आणि फोनवरून एका रात्रीची खोली नोंदवून टाकली. पार्कात खोल्या एकाच जातीच्या होत्या: फॅमिली कॉटेज, दोन मोठे, दोन लहान. “दोन लहान नाहीत म्हणून सूट मिळते का, विचार,” मिस्त्री म्हणाले. मिळत नव्हती.

बायकोने सहलीचं ऐकलं आणि मिस्त्रींकडे दिव्यासमोर काच धरावी तसं पाहिलं. “कुठे म्हणालात?”

“थीम पार्क.”

“आपण दोघं?”

“हं.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पत्राचा लिफाफा पर्समध्ये टाकला.

गुरुवारी साडेदहाला दोघं दारात हजर. खिडकीतल्या मुलीने विचारलं, “मुलं किती?”

“नाहीत,” मिस्त्री म्हणाले.

“आहे एक,” बायको म्हणाली.

“कुठेय?”

“घरी.”

मुलगी दोघांकडे बराच वेळ पाहत राहिली. मूल घरी ठेवून आईबाप इथे आले, असं तिच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. मग तिने नियमाप्रमाणे दोघांच्या मनगटांवर पट्ट्या बांधल्या. पट्टीवर लिहिलं होतं: ‘मी हरवलो तर या नंबरवर फोन करा.’ तिथे मिस्त्रींनी बायकोचा नंबर लिहिला. बायकोने जरा विचार करून स्वतःचाच लिहिला.

अकराच्या फोटोत भला थोरला मखमली ससा दोघांच्या बरोबर मधे येऊन उभा राहिला आणि दोघांच्या खांद्यांवर पंजे टाकले. मिस्त्रींनी त्याला बाजूला व्हायची खूण केली, तर सशाच्या पोटातून दमलेला आवाज आला, “काका, मधेच उभं राहायचा नियम आहे. इथे सहसा मधे मुलं असतात.” बाराच्या होडीत पुढच्या बाकावरच्या बाईने “जरा धरता का” म्हणून एक तान्हं बाळ मिस्त्रींच्या हातात दिलं ते होडी काठाला लागेपर्यंत परत घेतलं नाही. हात धरणे शक्य झालं नाही. मिस्त्रींनी तक्त्याच्या समासात तशी खूण केली.

“सारखं ते काय लिहिताय?” बायकोने विचारलं.

“काही नाही.” ताकाला जाऊन भांडं लपवण्यात मिस्त्री पहिल्यापासून कच्चे.

सव्वाला आकाशपाळण्याशी खरंच रांग नव्हती. एक चौकोनी कुटुंब एका पाळण्यात बसलेलं, तेवढंच दुसरं कुटुंब त्याच्या बरोबर समोरच्यात. बाकीचे पाळणे रिकामे. फोरमनसाहेब खटक्यापाशी स्टुलावर बसले होते, छातीशी माईक. “या वहिनी, बसा,” त्यांनी एका पाळण्याचं दार उघडलं आणि मिस्त्रींकडे पाहून एक डोळा किंचित मिटला. दोघं आत शेजारी बसले. गुडघ्याला गुडघा लागला. सगळं तक्त्याप्रमाणे चाललं होतं.

आणि मिस्त्रींची नजर समोर गेली.

“साहेब, आमच्या समोरचा पाळणा रिकामा आहे.”

“असू दे. दोन माणसांचं काय वजन. चालतं तेवढं.”

“चालतं म्हणून कसं चालेल?” मिस्त्री म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून रोज दहा वेळा जात असे, आज अकराव्यांदा गेलं. “एका अंगाला भार येतो. तुम्हीच शिकवलंय.”

फोरमनसाहेबांच्या चेहऱ्यावर एकदम तीस वर्षांपूर्वीचा फोरमन आला. गुरूला गुरूचंच वाक्य परत मिळालं की त्याला दुसरं काही दिसत नाही. “बरोबर बोललास. वजन समोरासमोर. उतर.”

“अं?”

“उतर. वहिनी इथे, तू समोर. मागे दुसरं कोण आहे बसवायला?”

कोणी नव्हतं. सगळे जेवायला गेले होते. म्हणून तर ही वेळ निवडली होती. मिस्त्री म्हणाले, “नाही, तसं चालेल म्हणा,” पण तोवर साहेबांनी त्यांना दंडाला धरून उतरवलं होतं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं पुष्कळ असतात. तो समोरासमोर तोलून पाडून घेणारे मिस्त्री एकटेच.

चाक फिरलं. मिस्त्री वर जात होते तेव्हा बायको खाली येत होती. मधल्या उंचीवर दोघं एका पातळीत आले आणि तिने त्यांच्याकडे पाहिलं. ओरखडा सापडला होता तिला. फक्त कुठला, ते अजून ठरत नव्हतं.

एक वीसला, मिस्त्री अगदी वर असताना, चाक थांबलं. फोरमनसाहेब शब्दाचे पक्के.

बायकोचा पाळणा तळाशी, फळीला टेकलेला. तिने कडी काढली आणि खाली उतरली.

“काय झालं?” तिने साहेबांना विचारलं.

“बिघाड आहे,” साहेब म्हणाले. तिने नुसतं पाहिलं. तिच्या त्या नजरेसमोर काचांचे ठेकेदार टिकत नसत, साहेब काय टिकणार. “त्याला तुमच्याशी बोलायचं होतं. पंधरा मिनिटं. वर.”

“कोण वर?”

“दोघंही. पण मग त्याने भाराचा मुद्दा काढला.”

बायकोने मान खाली घातली. मिस्त्रींना वरून फक्त तिचा भांग आणि थरथरणारे खांदे दिसत होते. रडते की काय, या शंकेने त्यांनी दांडी घट्ट धरली. मग तिने मान वर केली, साहेबांच्या हातातून माईक घेतला, आणि सगळ्या पाळण्यांतल्या कर्ण्यांतून तिचा आवाज आला.

“घाबरू नका. दाराला हात लावू नका. मी इथेच आहे.”

मिस्त्रींनी पाळण्यातल्या कर्ण्याकडे मान वळवली.

“हं,” ते म्हणाले. पण ‘हं’ सहा मजले खाली पोचत नाही, हे त्यांच्या प्रथमच लक्षात आलं.

“काय बोलायचंय ते बोला,” कर्णा म्हणाला. “ऐकू येईल असं.”

मिस्त्री उभे राहिले. त्यांनीच लिफ्टमधल्या हजार लोकांना उभं राहू नका म्हणून सांगितलं असेल. “तुला योग्य वाटेल ते कर,” त्यांनी ओरडून सांगितलं.

“साहेब, सोडू नका यांना,” कर्ण्यातून ऐकू आलं.

डावीकडच्या पाळण्यातल्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. “अहो, बोला की काही तरी. आमचं जेवण व्हायचंय.”

“काय बोलायचंय त्यांना?” उजवीकडच्या पाळण्यातल्या बाईने पलीकडून विचारलं.

“माहीत नाही. त्यांनाही माहीत नसावं.”

“माहीत आहे,” मिस्त्री म्हणाले. आजवर उंटावरून शेळ्या हाकल्या नव्हत्या, पण आज उंट आपोआप मिळाला होता. त्यांनी दोन्ही हातांनी दांडी धरली आणि खाली वाकले. “मला करमणार नाही.”

“ऐकू नाही आलं.”

“आलंय,” दोन्ही पाळण्यांतली मिळून आठ माणसं म्हणाली.

“तू नसलीस तर मला करमणार नाही,” मिस्त्री ओरडले, आणि एकदा झाकण निघाल्यावर त्यांचं त्यांनाच आवरेना. “चार दिवस झाले, मी झोपलो नाही. सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलंय. दुसऱ्या टोकाचं वजन दिसत नाही गं, म्हणून माणूस बोलत नाही त्याच्याबद्दल. पण ते काढलं तर लिफ्ट जागची हलत नाही. आपल्या घराचं ते वजन म्हणजे तू… तू जाऊ नकोस असं मला वाटतं. आणि तू प्रमुख व्हावंस असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतंय, म्हणून बोलता येईना.”

खाली तोवर जेवून परतलेले पाच-पंचवीस लोक माना वर करून उभे. मखमली ससा डोकं काखेत घेऊन उभा.

बायकोने पर्समधून लिफाफा काढला. “मी हो लिहून ठेवलंय,” ती माईकमध्ये म्हणाली. आता तिचा आवाज तेवढा सरळ नव्हता. “त्या चहाच्या दिवशीच. रागाने लिहिलं होतं. टाकवत नव्हतं. कुणालाच फरक पडत नाही म्हणून जायचं, असं जाववतं का?”

“मग?” मिस्त्रींनी विचारलं. हा प्रश्न विचारायला त्यांना बावीस वर्षं लागली होती.

“आता टाकते. जाते मी. पण आता तुम्हाला करमत नाही हे ठाऊक असताना जाते. दर शनिवारी तुम्ही तिकडे यायचं. रविवारी गप्पा मारायच्या.”

“किती वेळ?”

“चाळीस मिनिटं तरी.”

मिस्त्रींनी मनात हिशेब केला. “तुमच्या नव्या कारखान्याला लिफ्ट आहे का?”

“चार मजली आहे.”

“मग जमेल.”

“आता सोडा त्यांना,” ती साहेबांना म्हणाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. एक पस्तीस झाले होते. वेळेच्या बाबतीत तक्ता तंतोतंत उतरला.

तीनला खोली ताब्यात मिळाली. भिंतींवर मासे, दिवा नांगराच्या आकाराचा, आणि होडीच्या आकाराचा दुमजली पलंग. मिस्त्रींनी आधी शिडीचे चारही स्क्रू तपासले. एक सैल होता. त्यांनी खिशातला पेचकस काढून तो आवळला.

बायको चप्पल काढून वर चढली आणि उशी ठीक करून आडवी झाली. “वरचा मजला माझा,” ती म्हणाली.

मिस्त्री खालच्या फळीवर उताणे पडले. वर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांच्या फटींतून गादी, गादीवर ती. समोर कुणी नव्हतं.

“ऐक,” मिस्त्री म्हणाले. “होडीत ते बाळ होतं ना, त्याने माझा तक्ता खाल्ला. सोडवून घेतला, पण ‘हात धरणे’ची ओळ गेली.”

वरून पलंगाच्या कडेने एक हात खाली लोंबकळला. मनगटावर पट्टी होती आणि पट्टीवर तिचा स्वतःचाच नंबर.