सोपानची पेटी

सत्तावनची निवडणूक. थेरगावच्या सोजराबाईंचा सोपान पिंपरीच्या कंपनीतली मॅनेजरकी सोडून लोकसभेला उभा राहिला होता. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे; ज्या पेटीवर तराजूचं चिन्ह, ती त्याची.

मतदानाच्या रांगेतल्या बायांच्या हातात हळदकुंकू बघून सोजराबाई पुढं उभ्या अंबुबाईकडं वळल्या.

"अंबुबाई, मताची चिठ्ठी कुठं टाकशील गं?"

"पेटी पुजून वर वाहीन की!"

"अगं भवाने, वरची चिठ्ठी मोजत न्हाईत! माझा लेक काय देव हाय व्हय? आधी फटीतनं आत सार, मग कर पूजा."

रांगभर तेच तोंडोतोंडी गेलं.

सोपान निवडून आला. दिल्लीला निघताना पाया पडला, तेव्हा सोजराबाई ताठ मानेनं म्हणाल्या, "तिकडं हारांत बुडू नको. गावानं तुला देव्हाऱ्यात न्हाई बसवला, कामाला लावलाय."