अहवालात न आलेलं उत्तर

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. पण उन्हात घालायची नव्हे. माझ्या ताणणाऱ्या कापडात चौसष्ट छोट्या चकत्या आहेत आणि प्रत्येकीला एक बारीक वायर आहे. मेंदूचे भाग एकमेकांशी बोलतात, तेव्हा विजेच्या हलक्या लहरी उठतात. त्या ऐकायच्या, एवढंच माझं काम.

कारखान्यातल्या एका चष्मेवाल्या बाईंनी मला हातानं शिवलं आणि मी एका प्रयोगशाळेत रुजू झाले. कुरळी, टकली, खाजवणारी, पेंगणारी अशी शेकडो डोकी मी सांभाळली. तिथले डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, ही आमची सर्वांत भरवशाची. मला छाती नाही, नाहीतर फुगली असती.

मग एक मुलगी आली, घरचे तिला धाकटी म्हणत. नऊ वर्षांची, स्वमग्न. डोक्याला कोणी हात लावलेला तिला खपत नसे. दोनदा ती दारातूनच परत गेली. तिसऱ्यांदा डॉक्टर तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"हे फक्त आमच्या अभ्यासासाठी. शाळेला यातलं काही कळणार नाही. शब्द देतो."

तिनं तो शब्द त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि मग मुकाट्यानं डोकं पुढे केलं. तिची आई बाजूलाच उभी होती.

पडद्यावर नटांचे चेहरे येऊ लागले. कोणाला काय वाटतंय, ते ओळखायचं होतं. रागीट चेहरा आला. "हा रागावलेला नाही. रागावल्यासारखं करतोय," ती म्हणाली. डॉक्टरांनी ते उत्तर चूक धरलं. अशा बऱ्याच चुका झाल्या. मी मात्र ऐकत होते. चेहरा पाहणारा भाग आणि त्याचा अर्थ लावणारा भाग यांचं बोलणं इतर मुलांपेक्षा वेगळ्या वाटेनं, थोडं थांबत थांबत चाललं होतं. पण चाललं होतं.

मधल्या सुट्टीत चकत्यांखाली, लहरी नीट पोचाव्यात म्हणून लावतात ते चिकट जेल भरायला तंत्रज्ञ ताई आल्या. रोजच्यासारख्या हसल्या. धाकटीनं त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"ताई, तुम्ही आत्ता रडून आलात."

ताईंचा हात थांबला. फोनवर घरची वाईट बातमी आली होती आणि त्यांनी ती कोणालाच सांगितली नव्हती. त्या क्षणी धाकटीच्या मेंदूत उठलेली गडबड मी वायरीवायरीनं पुढे पाठवली. डॉक्टरांनी ती आपल्या पडद्यावर पाहिली आणि म्हणाले, हे चाचणीच्या बाहेरचं आहे, काढून टाका. ताईंनी काढून टाकलं.

महिन्याभरानं आई परत आली. तिच्या हातात शाळेचं पत्र होतं. 'इतरांच्या भावना ओळखू शकत नाही' असं डॉक्टरांच्या अहवालात लिहिलं होतं. तो शाळेत पोचला होता आणि धाकटीला तिच्या वर्गातून उठवून कोपऱ्यातल्या खोलीत एकटीला बसवलं होतं. डॉक्टर म्हणाले, शाळेनं मागितला, नाही कसं म्हणणार? आईनं ताईंना विचारलं, "तुम्ही होता ना तिथे? तुमचं रडणं तिनं ओळखलं ना?"

ताई माझ्या वायरी गुंडाळत राहिल्या.

धाकटी दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ही चुगलखोर आहे."

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी मी बोलले असते. मी खरं तेच पाठवलं होतं. त्यातलं अर्धं फेकून उरलेलं माझ्या नावावर खपवलं. ज्यांनी मला भरवशाची म्हटलं, त्यांनीच हे केलं. त्यानंतर मी कितीतरी डोक्यांवर बसले, पण मन लागलं नाही. आता माझं कापड सैल पडलंय, अकरा चकत्या बंद आहेत, आणि मी कपाटाच्या खालच्या खणात आहे. धाकटी पुन्हा कधी आली नाही. ती त्या खोलीतून बाहेर पडली की नाही, हे मला ठाऊक नाही.

एक मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक. एखादं मूल भीत भीत तुमच्यापुढे डोकं झुकवील. त्याला दिलेला शब्द मोडू नका. आणि त्याच्याबद्दल काही लिहायची वेळ आली, तर त्याचं तुम्हाला न पटणारं उत्तरही लिहा.