घासलेला सांधा

लेआर्कोची गाडी समोरून सुसाट गेली, तसं इरिदेने घड्याळाचं बटण दाबून वहीत आकडा लिहिला. छप्पन्न सेकंद आणि चार दशांश. नवऱ्याने गाडी पळवायची आणि बायकोने वेळ धरायची, ही मोडेनाच्या शर्यतपट्टीवरच्या चाचण्यांची रीतच होती. आकड्यांत जीव गुंतवला की बाकीचे विचार जरा लांब राहतात, असं तिला वाटायचं.

चोवीस तासांच्या शर्यतीला तीन आठवडे उरले होते आणि गाडी चौथ्यांदा बदलली होती. वजन उतरवलं, नाक खाली घेतलं, अंगभर लोकरीचे धागे चिकटवून वारा कुठून कसा वाहतो ते पाहिलं. तरी लेआर्कोचं पालुपद एकच, "वेग वाढला की मागचं अंग हलकं होतं. आता उडतेय की मग, असं वाटतं." म्हणून इंजिनियर झानासींनी शेपटीच्या टोकावर चार बोटं उंच पत्र्याची पट्टी उभी करायला सांगितली. वारा तिच्यावर आदळेल आणि मागची चाकं रस्त्यावर दाबली जातील. काल ती पट्टी इरिदेच्या वडिलांनीच जोडली होती. पत्रा ठोकण्यात देल्मोंचा हात धरेल असं त्या भागात कुणी नव्हतं.

एरवी दोन फेऱ्या झाल्या की देल्मो कॉफीला सटकायचे. आज ते तारेचं कुंपण धरून उभे होते, आणि गाडीकडे न बघता स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते.

"बाबा, कॉफी नाही घेत?"

"नको."

"बरं नाही का?"

"तू घड्याळ बघ तुझं."

पुढची फेरी पंचावन्न नऊ. झानासी ओरडले, "बसली बघा गाडी रस्त्यावर! देल्मो, तुझ्या हाताला सोन्याचं कडं घालायला हवं!"

देल्मो हसले नाहीत. ती जवळ गेली.

"बाबा, काय केलंत?"

"वेल्डिंगचा उंचवटा दिसत होता गं," ते पुटपुटले. "बघवेना मला. कानस मारली."

"किती?"

"डोळे मिटून हात फिरवला तर सांधा कळू नये, इतकी."

ही तर त्यांची ख्याती होती. लोक त्यांच्या गाड्यांवरून हात फिरवत आणि वाहवा करत. पण सांध्याचं सगळं बळ त्या उंचवट्यातच असतं, हे इरिदेला लहानपणापासून ठाऊक होतं.

"मग सांगा ना इंजिनियरसाहेबांना!"

"टिकेलही कदाचित."

"कदाचित?"

तिने 'आत ये'ची पाटी उचलली. झानासींनी तिचा दंड धरला. "अजून चार फेऱ्या आहेत. थांबवायचं कधी ते मी ठरवतो."

"सांधा कच्चा आहे. सोडा मला!"

तिने दंड सोडवून पाटी बाहेर धरली खरी, पण लेआर्कोने ती बघितल्यासारखं वाटलं नाही; गाडी त्याच वेगात पुढे निघून गेली. आता पुन्हा तो येईपर्यंत जवळजवळ एक मिनिट. शेडपलीकडे आवाज चढत गेला, लांब गेला, वळला. इरिदे पाटी दोन्ही हातांनी धरून वाकून उभी होती. पन्नासाव्या सेकंदाला आवाज एकदम बसला.

मग कोपऱ्यावरून गाडी हळूहळू येताना दिसली. त्याने जाता जाता पाटी पाहिली होती.

"काय गं हे? आत्ता कुठे हातात बसत होती!" लेआर्को बाहेर पडत म्हणाला.

देल्मो शेपटीशी वाकले. पट्टीवर अंगठा दाबला, तर डाव्या बाजूला सांधा उघडला आणि त्यात नख गेलं. ते सरळ झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी चूक. दिसायला नको म्हणून घासला."

झानासींनी टोपी काढली. लेआर्कोने वाकून ती फट बघितली.

"सासरेबुवा, आता जाड वेल्डिंग करा. आणि कानस घरी ठेवा."

"मागून फार वाईट दिसेल रे."

"दिसू दे. जो मागे असेल तो बघेल!"

मेकॅनिक खो खो हसले. देल्मोंनाही हसू फुटलं. इरिदे मात्र नवऱ्याच्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा सोडवत होती, आणि तिच्या गळ्यातलं घड्याळ अजून चालूच होतं.