पिवळी चिठ्ठी

"अजून जवळ या काका. लाजू नका, नाक लावा काचेला. एक ठिपका दिसला तरी मी स्वतः परत घेऊन जाईन," दुकानातला विक्रेता म्हणाला.

पडद्यावर पानावर बसलेला एक बेडूक होता. त्याच्या पाठीवरची पुटकुळी न् पुटकुळी दिसत होती. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खरंच नाक काचेपाशी नेलं.

"माणसाचा चेहरा असा दिसेल?"

"चेहरा? अहो, गालावरची लव मोजाल! हाय डेफिनिशन प्लाझ्मा आहे, थट्टा नाही."

"तीळ?"

"काय?"

"हनुवटीवर तीळ असला, मोहरीएवढा. तर तो दिसेल?"

विक्रेत्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. लोक त्याला चेंडू दिसेल का विचारायचे, बातम्यांखालची अक्षरं वाचता येतील का विचारायचे. तीळ कुणी विचारला नव्हता.

"कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा दिसेल," तो हसत म्हणाला.

"मग द्या पाठवून," मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे शिकवणारे नव्हेत. ते एका लॉन्ड्रीत डाग काढायचं काम करत. धुण्याला माणसं वेगळी, इस्त्रीला वेगळी. पण कोटावर शाई सांडली, रेशमी सदऱ्यावर तेल पडलं की कपडा मागच्या खोलीत मास्तरांच्या टेबलावर यायचा. अडतीस वर्षं ते त्याच टेबलाशी उभे राहत होते. कपडा आला की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. कशाचा आणि कधीचा? त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय ते बाटलीचं बूच उघडत नसत.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. ते काम सोडून बसले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात कामावर गेले, डबा स्वतः करू लागले, मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. कुणी विचारलं की "चाललंय" म्हणायचे. आणि खरंच चाललं होतं. रडू आलं नव्हतं, आता येईल असंही वाटत नव्हतं. जीभ भाजल्यावर दोन दिवस चव लागत नाही, तसं काहीतरी आठ महिने झालं होतं.

मग एका सकाळी दाढी करताना वस्तरा हनुवटीवर आला आणि थांबला. तिच्या हनुवटीवर तीळ होता. कुठल्या बाजूला?

आठवेना. तोंडाला साबण तसाच ठेवून ते बाहेरच्या खोलीत तिच्या फोटोपाशी गेले. फोटोत तीळच नव्हता. स्टुडिओवाल्याने तो पुसून टाकला होता. ते त्यांना आता आठवलं. फोटो आणला त्या दिवशी ती म्हणाली होती, "अगंबाई, माझा तीळ कुठे गेला?" आणि मास्तर म्हणाले होते, "चांगलं काम केलंय गड्याने. मागे खूणसुद्धा नाही."

त्यांनी लेकीला फोन लावला. तिचं सासर बसने तासाभरावर होतं.

"आईचा तीळ? डावीकडे," लेक म्हणाली. "का हो बाबा?"

"तिच्या डावीकडे, की बघणाऱ्याच्या?"

लेक आठवू लागली. "थांबा हं. मी समोर बसलेय, ती माझी वेणी घालतेय... नाही, वेणी घालताना ती मागे असायची." मग ती म्हणाली, "मावशीला विचारते."

मावशी उजवीकडे म्हणाली. अगदी पैज लावायला तयार झाली. लेक डावीकडेवरून हटेना. मास्तर तेहेतीस वर्षं त्या चेहऱ्यासमोर जेवले होते.

घरात तिची एकच फिल्म होती. लेक कॉलेजात असताना मैत्रिणीचा कॅमेरा घेऊन आली होती आणि दिवसभर घरातलं जे दिसेल ते काढत बसली होती. पुढे तिने ती टेप सीडीवर उतरवून आणली. जुन्या टीव्हीचा पडदा ताटाएवढा. त्यात बायको अंगठ्याएवढी दिसायची. तीळ कुठला दिसायला! पण मोठ्या पडद्यावर, जिथे बेडकाची पुटकुळी दिसते, तिथे दिसेल. मास्तरांचा हिशेब सरळ होता.

दोन माणसांनी टीव्ही आणला आणि कॅलेंडर काढून भिंतीवर बसवला. "दहा फुटांवरून बघा," जाताना एक जण बजावून गेला. खोली दहा फूट नव्हती. मास्तरांनी खुर्ची मागे सरकवत नेली, ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकली तेव्हा कुठे बरं अंतर झालं.

त्यांनी सीडी लावली. आधी कुंड्या आल्या. मग जिना. मग ते स्वतः, बनियनवर, पेपर वाचताना, डोक्यावर सगळे केस. नवव्या मिनिटाला ती आली. स्वयंपाकघराच्या दारातून पदराला हात पुसत आली, कॅमेरा दिसला तशी थबकली आणि म्हणाली, "बंद कर गं ते! केस बघ माझे, भूत दिसतेय मी." आणि तिने पंजा पुढे केला. खिडकीतलं ऊन नेमकं त्या तळहातावर पडलं होतं. पुढच्या क्षणी ती वळून आत गेली. सगळी मिळून अकरा सेकंदं.

मास्तरांनी मागे नेऊन ती पंजा पुढे करते तिथे चित्र थांबवलं.

चेहरा हाताच्या बाजूने दिसत होता. पण तो चेहरा नव्हता. नुसते चौकोन होते, तपकिरी, फिकट तपकिरी, करडे. जुन्या टीव्हीवर ती ती वाटायची. इथे ती हातभर मोठी झाली होती आणि विरून गेली होती. ते उठून जवळ गेले. जितकं जवळ जावं तितकी ती कमी होत होती. हनुवटीच्या जागी चार चौकोन होते, चारही एकाच रंगाचे.

त्यांनी विक्रेत्याला फोन केला.

"काका, जुनी टेप आहे होय?" तो म्हणाला. "मग टीव्ही काय करणार बिचारा? जे त्यात नाहीच, ते तो आणणार कुठून?"

"तुम्ही म्हणाला होता तीळ दिसेल."

"बेडकासारखं काढलेलं असलं तर, काका."

मास्तरांनी फोन ठेवला. कामाची वेळ झाली होती. डबा घेतला, चपला घातल्या, रिमोट हातात घेतला. बटणावर बोट ठेवलं. मग रिमोट होता तिथे ठेवला आणि चित्र तसंच सोडून ते दार ओढून गेले.

त्या दिवशी टेबलावर एक करडा कोट आला होता. खिशाखाली शाई.

"मास्तर, लावून टाका चिठ्ठी," धाकटा मालक डोकावून म्हणाला. "गिऱ्हाईक पाचला येतंय."

चिठ्ठी म्हणजे एक पिवळा कागद होता, छापील. 'आम्ही सर्व प्रयत्न केले. कापडाला इजा न होता हा डाग निघत नाही. क्षमस्व.' निघत नसलेल्या डागाशेजारी ती टाचायची.

"दोनदाच झालंय," मास्तर म्हणाले.

"तिसऱ्यांदा काय चमत्कार होणार आहे?"

"झाला तर?"

"अहो, गिऱ्हाइकाला काय कळतंय दोनदा केलं की तीनदा!"

मास्तरांनी कापूस घेतला आणि ते तिसऱ्यांदा टिपायला लागले. घासायचं नसतं, टिपायचं असतं. आणि डाग असताना गरम इस्त्री लावायची नसते, नाहीतर तो धाग्यात शिजतो आणि जन्माचा होतो. तिसऱ्यांदाही शाई निघाली नाही. मग त्यांनी चिठ्ठी टाचली. अडतीस वर्षांत त्यांनी तीनदा केल्याशिवाय ती टाचली नव्हती. दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले होते, "आम्ही सर्व प्रयत्न केले." तेव्हा मास्तरांच्या मनात पहिलं हेच आलं होतं, की तीनदा केलं असेल ना यांनी?

संध्याकाळी दार उघडलं तर ती पंजा पुढे करून उभीच होती. मास्तर खुर्चीत बसून जेवले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी टीव्ही बंद केला नाही, तिसऱ्याही नाही. ते तिच्याशी बोलले नाहीत, जवळ गेले नाहीत. येता-जाता ती तिथे असायची, एवढंच. चौथ्या दिवशी संध्याकाळी भात ढवळताना वीज गेली.

वीज आली तेव्हा त्यांनी टीव्ही लावला. पडदा निळा होता, कोरा. आणि निळ्यात एक फिकट पंजा होता. त्यांनी सीडी बाहेर काढली, पंजा तिथेच. बातम्या लावल्या, तरी होताच. चेहऱ्याचं काही उरलं नव्हतं, चौकटीचं नाही, पदराचं नाही. ऊन पडलेला तेवढा तळहात काचेत राहिला होता, पाचही बोटांसकट.

रविवारी लेक आली. पिशवी ओट्यावर ठेवली, ओटा पुसला, डबे उघडून वास घेतले, दोन टाकून दिले. मग बाहेर येऊन टीव्हीपुढे उभी राहिली.

"बाबा, या बातम्यावाल्या बाईच्या खांद्यावर हात कुणाचा आहे?"

"कुठे?"

"हा काय! पाच बोटं. कोणीतरी मागून म्हणतंय, सरक, आता मी वाचते."

मास्तर म्हणाले, "असेल काहीतरी."

"असेल काय? नवीकोरी वस्तू! सांगायचं नाही का? तुम्हाला कुणी काहीही विकावं आणि तुम्ही 'चाललंय' म्हणावं." तिने पावती शोधून तिथल्या तिथे दुकानात फोन केला आणि चांगली दहा मिनिटं भांडली.

सोमवारी टीव्ही दुरुस्त करणारा आला. त्याने निळा पडदा लावला, बॅटरी मारून बघितलं आणि मान हलवली.

"एकच चित्र थांबवून ठेवलं होतंत ना? प्लाझ्माचं असंच असतं काका. उजेडाची जागा तापत राहते आणि छाप पडते. कशाचं चित्र होतं?"

मास्तरांनी रिमोट उचलून बाजूला ठेवला.

"बरं, किती दिवस होतं?"

"चार."

कशाचा आणि कधीचा. समोरचा माणूस पण कारागीर होता. मास्तरांनी त्याला चहा विचारला.

"ताजं आहे, निघेल," चहा पिता पिता तो म्हणाला. पिशवीतून त्याने कागदी पाकिटात चिकटवून बंद केलेली एक सीडी काढली. "ही लावून ठेवा. आठ तास नुसता पांढरा पडदा चालतो. तीनदा करा, काच लख्ख होईल. पण या आठवड्यात करा. नंतर माझ्या हातात नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तर बसलं कायमचं. पण असला डाग नव्या टीव्हीवर कोण ठेवून घेईल?"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

सीडी टीव्हीखालच्या फळीवर राहिली. मंगळवारी कामावर निघताना मास्तरांनी पाकीट हातात घेतलं, झाकणाला चिकटवलेला कागद अंगठ्याने चाचपला आणि परत ठेवलं. बुधवारीही तेच. गुरुवारी लेकीचा फोन आला.

"केलंत का बाबा?"

"करतोय."

"तीनदा सांगितलंय त्याने."

"माहितेय मला तीनदा."

शनिवारी लॉन्ड्रीत त्यांनी खण उघडला, पिवळ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली एक काढली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. धाकट्या मालकाने पाहिलं.

"घरी कशाला हो मास्तर?"

"लागतेय," ते म्हणाले.

टीव्हीला टाचणी लागत नाही. रविवारी सकाळी त्यांनी चिठ्ठीला सुईने भोक पाडलं, दोरा ओवला आणि ती पडद्याच्या कोपऱ्यावरून खाली सोडली. जरा मागे होऊन बघितलं. मग दाढी केली. वस्तरा हनुवटीवर आला, पुढे गेला.

लेक अकराला आली. पिशवी ठेवली, बाहेरच्या खोलीत गेली आणि तिथेच थांबली. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. तिने चिठ्ठी वाचली. लहानपणी शाळेतून ती थेट लॉन्ड्रीत यायची आणि टेबलाखाली बसून या चिठ्ठ्यांच्या होड्या करायची. ती केव्हा टाचतात ते तिला ठाऊक होतं.

"तीनदा केलंत?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. "हो."

लेकीने फळीवरच्या पाकिटाकडे पाहिलं. झाकणाचा चिकटवलेला कागद जसाच्या तसा होता. मग तिने पडद्याकडे पाहिलं. बाई बातम्या सांगत होती आणि तो हात तिच्या खांद्यावर होता. लेक बराच वेळ बघत राहिली. कॅमेरा धरावा तसा तिचा उजवा हात डोळ्यापर्यंत वर आला आणि मग खाली गेला.

चिठ्ठी एका बाजूला कलली होती. तिने ती सरळ केली. खुर्ची चौकटीपर्यंत मागे ओढली, बसली आणि म्हणाली, "आवाज थोडा वाढवा बाबा. ऐकू येत नाही."