खांब काढला त्या संध्याकाळी

मित्रांनो, मी मुखवटा आहे. वयानं तीनशेच्या घरातला, लाकडाचा, चेहऱ्यानं बाई आणि धंद्यानं भूत. माझ्यासारखे जुने जीव बोलायला लागले की आधी स्वतःचं कौतुक सांगतात. माझी ती अवस्था राहिलेली नाही. मी अजून हादरलेलाच आहे. घडलं ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे जीव जरा थाऱ्यावर येईल.

कानाझावा या जपानी शहरातल्या एका कारागिरानं मला सरूच्या लाकडातून कोरलं. शिंपल्यांची पूड सरसात कालवून तिचे थर चढवले, घासून घासून गाल गुळगुळीत केले, ओठ रंगवले. डोळ्यांना भोकं मात्र मुगाच्या दाण्याएवढी ठेवली. समुद्रात बुडून मेलेल्या कोळणीचं भूत, हे माझं काम. आमच्या नाटकातलं भूत किंचाळत नाही की कुणाच्या मानगुटीवर बसत नाही. ते सावकाश येतं, वाटेवरच्या भिक्षूला आपलं दुःख सांगतं, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणतं आणि निघून जातं. नटानं मान जराशी झुकवली की मी रडतो, जराशी उचलली की हसतो. एवढ्याशावर लोक जेवणखाण विसरलेले मी पाहिले आहेत.

इसोगाई घराण्यात मी सात पिढ्या नांदलो. शेवटचे कानेतो, सत्तरी ओलांडलेले. मला चढवण्याआधी ते मला दोन्ही हातांत समोर धरायचे, वाकून नमस्कार करायचे आणि हळूच म्हणायचे, "बाईसाहेब, चला." माझ्या गालाला बोट लावायची कुणाची छाती नव्हती. धरायचं ते कानाच्या कडेला, दोरीच्या भोकापाशी. काम झालं की रेशमी पिशवीत घालून नाडी बांधायची. दोरी आणि पिशवी हे त्यांच्या लेकीचं, फुमिनोचं काम. त्या घरात माणसाला ताप आला तर डॉक्टर उद्या आला तरी चालायचं, पण माझ्यावर ओरखडा दिसला तर कारागीर त्याच दिवशी हजर. मी असा लाडावलेला होतो.

मग ग्वेन आली. इंग्लंडातल्या ब्रिस्टल गावची ही दिग्दर्शिका. बाई मनानं चांगली, हे आधीच सांगतो, उगाच तिला नावं ठेवू नका. कानाझावात तिनं आमचं नाटक पाहिलं, ढसाढसा रडली, आणि हे माझ्या लोकांना दाखवायचंच म्हणून हटून बसली. फक्त थोडे बदल करावे लागतील, म्हणाली.

थोडे! कपाळाला हात लावायला मला हात नाहीत, नाहीतर तेव्हाच लावला असता. दोन तासांचं नाटक पाऊण तासावर आलं. भिक्षूच्या जागी दवाखान्यातली रात्रपाळीची परिचारिका आली. जमिनीवरून धूर सोडायचा ठरला, कारण तिकडच्या लोकांना म्हणे धुराशिवाय भूत ओळखू येत नाही. आणि पहिल्याच तालमीत ग्वेननं, "काय सुंदर आहे!" म्हणत माझ्या गालावरून सरळ बोट फिरवलं. तीनशे वर्षांत असं झालं नव्हतं. फुमिनोनं तर डोळेच मिटून घेतले.

कानेतो मात्र शांत होते. त्यांनी परिचारिका मान्य केली. भुताचं ऐकणारं कुणीतरी हवं, त्याचं मुंडण केलेलं नसलं तरी चालेल, म्हणाले. धुरालाही ते हसले. मला वाटलं, म्हातारा फारच समजूतदार निघाला.

आता एक गोष्ट नीट ऐका, मित्रांनो. मला चढवलं की नटाला जग सुईच्या नेढ्यातून बघावं लागतं. स्वतःची पावलं तर दिसतच नाहीत. म्हणून आमच्या रंगमंचाच्या कोपऱ्यांवर खांब असतात. पुढचा एक खांब नजरेत धरायचा आणि त्याच्या भरवशावर चालायचं. ब्रिस्टलच्या नाट्यगृहातही तसा एक खांब उभा केला होता आणि त्याला धरून सगळ्या तालमी झाल्या.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी ग्वेन म्हणाली, "खांबामुळे डावीकडच्या लोकांना काही दिसत नाही. काढला तर चालेल?"

कानेतोंनी दातांतून हवा आत ओढली आणि मान तिरकी केली. "ते जरा कठीण आहे," ते म्हणाले.

आमच्याकडे 'जरा कठीण आहे' म्हणजे नाही. साफ नाही. तोंडावर नाही म्हणून पाहुण्याचं मन कशाला मोडा, म्हणून ही पद्धत. फुमिनोनं शब्दाला शब्द ठेवून ते इंग्रजीत सांगितलं. गुरूच्या वाक्याला आपल्या पदरचं शेपूट कसं जोडायचं, आणि जोडायची गरज तरी काय, असं तिला वाटलं.

ग्वेनचा चेहरा फुलला. "कठीणच ना? मग जमवू! त्यांच्या हिमतीला सलाम सांग."

जमवू म्हणजे खुर्च्यांचं काहीतरी जमवणार, असं फुमिनो समजली. तिनं वडिलांना नुसता सलाम पोचवला. कानेतोंनी वाकून आभार मानले, ग्वेनही वाकली. दोघंही खूश. मी पिशवीत होतो, सगळं ऐकत होतो, आणि मलाही काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, खांब निघाला. ग्वेननं बिनधास्त काढला नाही हो, काळजी घेऊन काढला. त्या जागी जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवायला लावली. ज्याला आपली पावलं दिसत नाहीत त्याच्यासाठी पट्टी! आणि वर तो धूर.

बापलेक मागच्या दारानं थेट रंगपटात गेले. आरसा, नमस्कार, "बाईसाहेब, चला." फुमिनोनं दोरी बांधली. नाट्यगृह गच्च भरलं होतं. आम्ही निघालो. वळणावर कानेतोंनी नजर लावली ती खांबाच्या जागी, आणि तिथे काहीच नव्हतं. काळोख होता फक्त. त्यांच्या कपाळाचा घाम माझ्या आतल्या लाकडाला लागला. थांबा म्हणून मी जीव तोडून ओरडलो, पण रंगवलेल्या ओठांतून आवाज कुठला निघायला! नाटक सुरू झालं की आमचा नट थांबत नाही. ते गेले तसेच पुढे, अंदाजानं, एक एक पाऊल घासत. मग पाऊल पडलं ते हवेत.

पहिल्या रांगेसमोरच्या फरशीवर ते डोक्यावर आपटले. माझी दोरी निसटली, मी घरंगळत एका खुर्चीखाली गेलो, नाकाचा टवका उडाला. आणि मित्रांनो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भूत समुद्रात बुडालं असं त्यांना वाटलं. उभे राहून वाजवल्या. तो आवाज ऐकून मी जो गोठलो तो अजून तसाच आहे.

ग्वेन विंगेतून धावली. फुमिनो धावली. फुमिनो वडिलांच्या अगदी जवळ पोचली होती. हात पुढे केला असता तर लागला असता. तेवढ्यात कानेतोंचे ओठ हलले.

"आधी तिला उचल," ते म्हणाले.

"हो गुरुजी," फुमिनो म्हणाली. कामाच्या वेळी ती त्यांना गुरुजीच म्हणायची.

ती वळली. खुर्चीखाली वाकून तिनं मला काढलं, कानाच्या कडेला धरून, गालाला बोट न लावता. टवका शोधला, तोही सापडला. बाहीतून रेशमी पिशवी काढली. अगं, मला टाक, तिकडे बघ, असं मी तिला विनवत होतो. पण जन्मभराचं वळण होतं ते. तिनं मला आत सरकवलं, नाडी ओढली, गाठ मारली, गाठ नीट बसली का तेही पाहिलं.

मला पुढचं दिसलं नाही. फक्त ऐकू आलं. टाळ्या विरत गेल्या. ग्वेन त्यांचं नाव घेत होती, चुकीच्या उच्चारात, पुन्हा पुन्हा. त्यांचा हात तिच्या हातात होता, हे मला नंतर कळलं. मग फुमिनोचा आवाज आला, "बाबा." उत्तर आलं नाही.

आता मी कानाझावात काचेच्या पेटीत असतो. नाक इतकं बेमालूम जोडलंय की कुणाला सांगून खरं वाटत नाही. शाळेतली मुलं येतात. मुलीनं मुखवटा कसा वाचवला ते बाई त्यांना सांगतात, आणि मुलं माना डोलावतात. फुमिनो महिन्यातून एकदा येऊन पेटी पुसते. माझ्याकडे बघत नाही. मला तिचा राग येत नाही, तिच्या हातांची दया येते.

मित्रांनो, वस्तू जपा असं मी सांगावं, अशी तुमची अपेक्षा असेल. जपा की. पण माणूस पडला तर त्याचं सुद्धा ऐकू नका. आधी त्याला धरा. मी लाकडाचा आहे. मी थांबलो असतो.