मंडईला निघालेलं घर

तुमसर मागे पडलं आणि सिहोरा यायचं होतं, तेवढ्यात घर थांबलं. घरच म्हणायचं, कारण त्यात दोनावर दोन असे झोपायचे फळ्यांचे चार पलंग होते, गॅसची शेगडी होती, पाण्याची टाकी होती, खिडक्यांना पुष्पाबाईंनी हातानं शिवलेले पडदे होते, आणि त्याला कुणी गाडी म्हटलं की धनीरामांचा चेहरा उतरायचा. कालव्याच्या पुलाच्या चढावर आधी जळका वास आला. मग इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि चाकं हलेनात. धनीरामांनी ते धूड उतारानं मागे घरंगळू देत कसंबसं कडेच्या बाभळीखाली आणलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले.

क्लच गेला, एवढंच ते म्हणाले. पुष्पाबाईंनी काही विचारलं नाही. रामटेकला पंप गेला होता तेव्हा त्यांनी विचारलं होतं, पचमढीच्या वाटेवर बॅटरी बसली तेव्हाही विचारलं होतं. आता त्यांना विचारायचाही कंटाळा आला होता. पायाशी ठेवलेला अनारशांचा डबा त्यांनी उन्हातून सावलीत सरकवला आणि खिडकी उघडली. बाहेर कापलेल्या धानाचा वास होता, आणि लांबून, वाऱ्यानं येत जात, ढोल ऐकू येत होता. कुठल्या तरी गावाची मंडई होती. बपेऱ्याचीही आजच होती.

दिवाळी सरली की या भागात गावोगावच्या मंडया, म्हणजे एका दिवसाच्या जत्रा, सुरू होतात. ज्याच्या गावची मंडई, त्याच्या घरी लेकीबाळी, जावई, व्याही, त्यांचे सोयरे असे सगळे येऊन धडकतात, आणि त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. पुष्पाबाईंचं माहेर बपेऱ्याचं. त्यांची टीना नववीत होती त्या वर्षीच्या मंडईला धनीराम जवाहरनगरच्या कारखान्यातली पाळी संपवून उशिरा पोचले, तर सगळ्या खोल्या भरलेल्या. मधल्या खोलीत कुणाचा तरी नवा जावई झोपलेला. मेहुण्यानं, म्हणजे लिलाधरनं, धनीरामांची गादी वसरीवर खताच्या पोत्यांशेजारी घातली. सकाळी उठून बघतात तर बकरीनं त्यांच्या शर्टाचा खिसा खाल्लेला. बकरीला काय कळतं कोण जावई आणि कोण पाहुणा. पण धनीरामांना कळत होतं. चहा न घेता ते उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की तुमच्या छताखाली पुन्हा पाठ टेकणार नाही, आलो तर आपलं घर सोबत घेऊन येईन.

माणसं रागात बोलतात आणि विसरतात. धनीराम विसरले नाहीत. टीना शिकून पुण्याला नोकरीला लागली, पुष्पाबाईंची आई गेली, आणि तेवढ्या वर्षांत पुष्पाबाई माहेरी एकदाही रात्र राहिल्या नाहीत. आईच्या तेरवीलासुद्धा सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी परत. निवृत्त झाल्यावर धनीरामांनी शाळेची एक जुनी सतरा सीटांची बस घेतली, नागपूरला नेऊन तिचं घर करून आणलं आणि नुसते बपेऱ्याहून बोलावणं यायची वाट बघत बसले. स्वतः होऊन जाणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. म्हणून ते घर अमरकंटकला जाऊन आलं, पण शेजारच्या तालुक्यात गेलं नाही.

यंदा लिलाधरचा फोन आला. भाटव्यांना, म्हणजे धनीरामांना, घर घेऊन यायला सांग, अंगणात जागा केली आहे, असं तो बहिणीला म्हणाला. पुष्पाबाईंना त्या रात्री झोप आली नव्हती. आईच्या घरात एक रात्र झोपायचं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि साठीला टेकलेल्या बाईनं याहून कमी काय मागावं.

आता धनीराम फोन लावत होते. वाटेत बंद पडलं तर मदतीला येणाऱ्या कंपन्या असतात, त्यांचा वर्षाचा प्लॅन घ्यायचा असतो. टीनानं तीन कंपन्यांची माहिती पाठवली होती आणि धनीरामांनी चष्मा लावून तिन्ही वाचून काढल्या होत्या. शेवटी जिच्या नकाशावर मदतीच्या ठिकाणांचे लाल ठिपके जास्त तिची निवड झाली. बपेऱ्याजवळ एकही ठिपका नाही, असं पुष्पाबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. बपेऱ्याला आपण जातोच कुठं, असं उत्तर त्यांना मिळालं होतं.

फोनवरची मुलगी गोड हिंदीत बोलत होती. जवळची खूण काय, असं तिनं विचारलं. कालव्याचा पूल, धनीराम म्हणाले. तिच्या नकाशात कालवा नव्हता. सर्वांत जवळची क्रेन साकोलीला, हायवेवर होती, आणि ती दुसऱ्या कामावर गेली होती. दोन तास, ती म्हणाली. दोन तासांनी पुन्हा फोन केला तेव्हाही ती दोन तासच म्हणाली, आणि आवाज तेवढाच गोड होता.

तोवर रस्त्यानं अर्धा जिल्हा मंडयांना निघाला होता. नव्या साड्या, तेल लावलेली पोरं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या माणसांनी भरलेल्या. जो तो थांबून विचारत होता. सिहोऱ्याला चांगला मिस्त्री आहे, आणू का, असं एकानं विचारलं. एका ट्रॉलीवाल्यानं तर दोर काढूनही आणला. धनीरामांनी सगळ्यांना हात जोडून पुढे पाठवलं. परक्या माणसानं हात लावला तर प्लॅन मोडतो, हे एक कारण होतं. दुसरं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. दारूगोळ्याच्या कारखान्यात अख्खी नोकरी झाली होती. तिथं बिघाड दिसला की कळवायचं आणि बाजूला उभं राहायचं, आपल्या हातानं काही उघडायचं नाही. त्या शिस्तीनं माणसं जिवंत घरी येतात हे खरंच आहे. पण इथं बॉम्ब नव्हता, क्लच होता.

दुपारी बपेऱ्याचा केवळराम मोटारसायकलवर बायकोला घेऊन गावाकडे निघालेला भेटला. लिलाधरच्या घराला लागून त्याचं घर. आत्या, इथं काहून उभ्या, असं म्हणत तो थांबला, आणि सगळं ऐकून म्हणाला की लिलाधरकाकाचा ट्रॅक्टर तासाभरात आणतो. धनीरामांनी त्याला अडवलं.

"कंपनीची क्रेन येऊन राहिली. तू जाय. अन् लिलाधरले काही सांगजो नोको."

केवळरामनं आत्याकडे पाहिलं. पुष्पाबाईंनी दुसरीकडे पाहिलं. तो गेला.

त्याच्यामागून कुठल्याही ट्रॉलीत बसून त्या एकट्या जाऊ शकल्या असत्या. पण भरल्या मंडईत एकटीनं उतरायचं म्हणजे आल्या आल्या प्रत्येकजण विचारणार, भाटवे नाही आले? त्या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन त्यांची जीभ दुखली होती. आणि खरं सांगायचं तर अंगात उठायचंही त्राण नव्हतं. उन्हं कलली तशी बाभळीची सावली घरावरून सरकून शेतात गेली. आता तिथं गोवाऱ्यांची ढाल, ती सजवलेली उंच काठी, नाचत निघाली असेल, त्यांना वाटलं. आता पाळणे भरले असतील. आता कुंता, लिलाधरची बायको, पंगतीला वाढत असेल.

पुन्हा फोन झाला. क्रेन निघाली होती, पण वाट चुकून लाखांदूरकडे गेली होती. धनीरामांनी फोन खिशात ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुष्पाबाईंना जे दिसलं ते दुःख नव्हतं. सुटका होती. ती बघितली आणि दिवसभराचा थकवा बाजूला सारून त्यांचा राग वर आला.

"तुमाले यायचंच नोहोतं," त्या म्हणाल्या. "नाई त एवढी मानसं गेली, एकाले तरी दोर बांधू देला असता."

धनीराम रस्त्याकडे बघत म्हणाले, "सगळ्या मंडईपुढं लिलाधरच्या ट्रॅक्टरमागं बांधून जाऊ का मी?"

"जा न मग. मी नाई का आली एवढे वर्षं तुमच्यामागं बांधून?"

त्या ओरडल्या नव्हत्या. ओरडायलाही बळ लागतं. पण धनीराम उठले, खाली उतरले, मागची पेटी उघडली आणि आतून लांब जाड दोर काढून घराच्या तोंडाशी आणून ठेवला. फोन करू का, असं पुष्पाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी केला.

लिलाधरनं पहिल्याच घंटीला उचलला.

"मी ट्रॅक्टर काढून केव्हाचा बसून आहो, बाई. केवळरामनं सांगतलं. पन बोलवल्याबगर काहून आला असं भाटवे म्हनतीन, म्हनून तुया फोनची वाट पाहून राहिलो."

घरी भरलेली पाहुण्यांची पंगत सोडून तो आला. अंगावर मंडईचा नवा पांढरा सदरा, त्यावर ट्रॅक्टरची धूळ. बहिणीच्या पाया पडला. मग दोर उचलून खाली वाकला, गाठ मारली, ओढून बघितली, आणि वर न बघताच बोलला.

"न्यूट्रलले ठेवा, भाटवे. ब्रेक हळू दाबजा."

"माईत आहे मले," धनीराम म्हणाले.

एवढ्या वर्षांचा अबोला संपला तो असा. पुष्पाबाईंना वाटलं होतं की तो क्षण आला तर आपण रडू. प्रत्यक्षात त्या मागे जाऊन पलंगावर आडव्या झाल्या. ट्रॅक्टरनं हिसका दिला, घर हललं, आणि ज्या पलंगावर त्यांना कधी धड झोप लागली नव्हती त्यावर त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती पोरांच्या ओरडण्यानं. दिवेलागण झाली होती. मंडई मोडली होती, मिठाईवाले परातींवर फडकी टाकत होते, आणि घरामागून पोरांची वरात पळत होती. दोनचार मोठी माणसंही हसली. हसण्यासारखंच होतं ते. स्टिअरिंगमागे धनीराम ताठ बसले होते आणि त्यांच्या मानेवर घाम होता. मंडई हुकली याचं पुष्पाबाईंना वाईट वाटलं, फार वाटलं. पण लिलाधरचीही हुकली होती, आणि तो काही बोलला नव्हता.

अंगणात खरंच जागा केली होती. बैलगाडी बाहेर काढून ठेवली होती, धानाचा पुंजणा एका कडेला रचला होता. लिलाधरचं घर मात्र माणसांनी फुटत होतं. वसरीवर अंथरुणं पडली होती, स्वयंपाकघराच्या दारातसुद्धा कुणाचं तरी लेकरू निजलं होतं. कुंताबाईनं दोघांच्या पायांवर पाणी घातलं आणि त्यांना आत नेलं. मधल्या खोलीची कडी लावलेली होती. तिनं ती काढली. आत पलंगावर धुतलेली चादर घातली होती, उशाशी पाण्याचा तांब्या होता, आणि माणूस एकही नव्हता. एवढ्या गर्दीत ती रिकामी खोली बघून पुष्पाबाईंना आधी काही कळलंच नाही.

"एवढी मानसं बाहेर अन् हे खोली मोकळी काहून?" त्यांनी विचारलं.

"हे त दरसालच मोकळी रायते, बाई," कुंताबाई म्हणाली. "मंडईच्या दिवशी. माय होती तवापासून. भाटवे आले अन् जागा नाई, असं पुन्हा होऊ नये म्हने. मी भांडून थकली. हे सोता वसरीवर निजतेत, पोत्यापाशी."

लिलाधर दाराशीच उभा होता. त्यानं सदऱ्यावरची धूळ झटकायला सुरुवात केली, जणू तेवढंच काम राहिलं होतं. पुष्पाबाई पलंगाच्या काठावर बसल्या. त्यांना आनंद झाला नाही, संताप आला. एकानं घर विकत घेतलं, एकानं खोली रिकामी ठेवली, आणि दोघांपैकी एकालाही तोंड उघडता आलं नाही. मधल्या मध्ये आई गेली. तिच्याजवळ एक रात्रही राहायचं जमलं नाही. हे सगळं त्या दोघांना ऐकवायचं होतं, पण आज नको, उद्या सकाळी, पोटभर झोपून उठल्यावर.

धनीराम पाय धुतल्यावर पुन्हा चपला घालून खोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभे होते. खोलीकडे बघत होते, पलंगाकडे, तांब्याकडे. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून कुंताबाईपुढे धरली.

"तिथं चार पलंग आहेत," ते म्हणाले. "लेकरंवाल्या बायाईले निजवा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. क्रेनवाला होता. कालव्याच्या पुलावर पोचलो, पण इथं तर काहीच दिसत नाही, असं तो तक्रारीच्या सुरात म्हणत होता, आणि त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. धनीरामांनी एकवार अंगणात उभ्या असलेल्या त्या धुडाकडे बघितलं, एकवार लिलाधरकडे.

"गाडी घरी पोचली," ते म्हणाले. "घाई नाई आता."

आणि चपला काढून आत आले.