पांढऱ्या होडीचा नावाडी

मित्रांनो, अंबाझरीच्या बांधाला लागून काही पायऱ्या पाण्यात उतरतात. त्यांपैकी शेवटच्या पायरीशी दोराने बांधलेला एक काळा, जुना डोंगा आहे. तो डोंगा मी.

माझा देह सागाचा. दादाजी ढीवराने माझ्या फळ्या जोडल्या, फटींत सुतळी कोंबून तिच्यावर राळ ओतली आणि मला आपल्या मुलाच्या, कवडूच्या, स्वाधीन केले. इंग्रजी अमदानीत नागपूरला नळ आले, ते याच तलावाच्या पाण्यावर. पाण्याच्या मध्यभागी, नळांसाठी पाणी ओढून घेणारा, एक दगडी मनोरा आहे. त्याच्या जाळीत अडकलेले शेवाळ काढायला कवडू मला घेऊन जाई. माझ्या शेपटाकडे तो अनवाणी उभा राही, हातात लांब बांबू, नजर समोर. त्याच्या तळव्यांची ऊब माझ्या लाकडात मुरली होती. शहर पाणी पीत होते. माझे नाव कोणी घेत नव्हते. मला त्याचे दुःख नव्हते, कारण ते तळवे माझे होते.

मग बैलगाडीवर चढून ती आली. लोखंडी, पांढरीशुभ्र, अंगावर एक ओरखडा नाही. तिच्या पाण्यातल्या सावलीचासुद्धा मला राग आला.

सरकारी मुकादम गणपतरावांनी पायरीवर उभे राहून कवडूला सगळे समजावले. "होडीवर नावाडी पायजे. पोहणारा पायजे, पिणारा नाही. सही करता आली पायजे. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बांधावर हजर राहा लागन, पावसाळ्यातही. खाकी कोट सरकार देईन. पण होडीले पोचा आला तं पगारातून कटन. आन् वल्ही बसून मारायची, जिकडं जायाचं तिकडं पाठ करून."

"पाठ करून?" कवडू हसला. "मंग जायाचं कुठं, ते दिसन कसं गा?"

"ते तुयं तू पाय. सोमवारी साहेबापुढं मनोऱ्यापर्यंत सरळ जाऊन दाखव. नाही जमलं तं मनसरच्या खाणीत दगड फोडाले जा. डोंग्याचं काम आता बंद."

कवडूची बायको जयवंता, तिचा भाऊ मनसरच्या खाणीत खोकून खोकून गेला होता. ते नाव ऐकताच कवडूचे हसू मावळले.

त्याने लगेच होडीत बसून पाहिले. पण जन्माची सवय! तो मनोऱ्याकडे तोंड करूनच बसला आणि वल्ही पुढे ढकलू लागला. होडी शेपूट पुढे करून वेडीवाकडी निघाली. बांधावर हशा पिकला.

"अबे कवडू," गणपतराव ओरडले, "बैल गाडीच्या मांगं जुंपला का गा?"

त्या हशात मी माझ्या परीने सामील झालो. पाण्याने माझ्या कडेवर टाळी दिली असे मला वाटले.

पण सूड लवकर उगवला. होडीला सराईत हातांखेरीज कोणी शिवायचे नाही, असा हुकूम निघाला. म्हणून कवडू सराव करू लागला तो माझ्यावर! माझ्या कडांना दोरीची कडी बांधून त्याने दोन बांबू वल्ह्यांसारखे अडकवले आणि पाठमोरा बसला. समोरच्या टोकाला जयवंता, त्याला वाट सांगायला.

"अवो, डाव्या अंगाले घ्या! शिंगाड्याच्या वेलात घालता का मले?"

"दिसत नाही वं! पाठीले डोये थोडेच हायत?"

"माहे हायत ना. मारा वल्हं!"

त्या पांढऱ्या होडीच्या रीती तो माझ्या अंगावर शिकत होता. दुसरीसाठी केलेला साज माझ्यावर बेतून पाहत होता. मित्रांनो, याहून अधिक अपमान मला ठाऊक नाही.

सोमवार उजाडला. साहेब बांधावर खुर्ची टाकून बसले. जयवंताला होडीत जागा नव्हती. ती पायरीवर उभी राहिली. कवडूने मनोऱ्याकडे पाठ केली, मान वर उचलली, आणि त्याला समोर दिसलो मी. माझे टोक आणि माझ्या मागच्या कडुनिंबाचे खोड त्याने एका रेषेत धरले. ती रेष मोडली नाही तर तो सरळ जाणार होता. इतक्या वर्षांत प्रथमच तो डोळे भरून माझ्याकडे पाहत होता, आणि तेही तिच्यात बसून.

वारा सुटला. माझा दोर ढिला होता. मी नुसता बाजूला सरकलो, तरी तो शिंगाड्याच्या वेलात जाऊन रुतणार होता. मी वाऱ्याला अंग दिले.

जयवंताने त्याची नजर ओळखली. लुगड्यासकट ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी तिने माझे टोक घट्ट पकडले. मी ओढ घेत होतो, ती सोडत नव्हती.

"हाललास तं याद राख, डोंग्या," ती दातांत पुटपुटली. "चुलीत घालीन!"

मी आणखी जोर लावला. पण माझे टोक झाडाच्या रेषेतून ढळले नाही. दूरवर लोखंड दगडाला हलकेच टेकले. साहेबांनी मान डोलावली. जयवंता तशीच ओलीचिंब माझ्यावर कपाळ टेकून रडली.

त्या दिवसापासून कवडू होडीचा नावाडी आहे आणि मी त्याची खूण. म्हणून मला कोणी मोडले नाही. दर उन्हाळ्यात माझ्या फटींत राळ पडते.

मित्रांनो, जुन्या वस्तूची कीव करू नका. कीव कोरडी असते, तिने फट बुजत नाही. जुनी वस्तू तिच्या जागी घट्ट बांधा आणि अधूनमधून तिच्याकडे पाहा. माझा मत्सर मात्र कोणत्याही राळेने बुजलेला नाही. सकाळी जाताना कवडूचा चेहरा माझ्याकडे असतो; मनोऱ्यापर्यंत तो माझाच. पण संध्याकाळी परतताना आधी येते होडीचे पांढरे नाक, आणि त्यामागे त्याची पाठ.